रिकामा टोला

आमच्या घरात बोलायचं ते रिकाम्या टोल्यावर. नाना, म्हणजे माझे वडील, भांडं मठारायला बसले की हातोडीचे तीन टोले तांब्यावर पडायचे आणि चौथा भांड्याखालच्या लोखंडावर, नुसताच. तेवढ्यात त्यांचा डावा हात भांडं बोटभर फिरवून घ्यायचा. त्या चौथ्या टोल्याचा आवाज बसका असायचा आणि त्याच्यानंतर श्वासाएवढी उसंत मिळायची. आई त्या उसंतीत बोलायची. "मंगल, दूध," म्हणायची आणि थांबायची. तीन टोले. "बघ गं," आणि पुन्हा तीन टोले. "उतू चाललंय," हे ऐकू येईपर्यंत दूध स्टोव्हवर सांडून त्याचा करपट वास दोन्ही खोल्यांत भरलेला असायचा. खोल्या दोनच. पुढच्या खोलीत भट्टी, हातोड्या आणि नाना. मागच्या खोलीत स्वयंपाक, अंथरुणं आणि आम्ही. मधे लाकडी फळ्यांची भिंत होती, तिच्यावरचे डबे दिवसभर किंचित हलत असायचे.

कसब्यातल्या तांबट आळीत अशी घरं ओळीने होती आणि प्रत्येक घरात एक तरी हातोडी. बाहेरचं माणूस आळीत शिरलं की कानांवर हात ठेवायचं. आम्हाला त्या गदारोळात माणसं ऐकू यायची. समोरच्या दत्तूकाकांचं काम घाईचं, पाच टोले सपासप आणि मग मोठी विश्रांती, कारण त्यांना मधेच तंबाखू लागायची. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याचे टोले एक हलका, एक भारी, लंगडत चालल्यासारखे. सकाळी एखादी हातोडी ऐकू आली नाही तर बायका म्हणायच्या, "आज दत्तूभावजी उठले नाहीत वाटतं," आणि कुणीतरी चौकशीला जायचं. याला आमच्यात 'हात' म्हणायचे. दत्तूकाकांचा हात, म्हाताऱ्याचा हात. नानांचा हात म्हणजे तीन आणि एक. आळीतलं शेंबडं पोरही डोळे मिटून सांगू शकलं असतं.

घरात चिंच कायम असायची, पोत्याने. भांडी उजळायला ती लागायचीच. त्यातले चांगले गोळे आई आधी बाजूला काढायची आणि आमटीत घालायची. त्यामुळे आमची आमटी आंबट, भाजी आंबट, आणि हाताला तांब्याचा वास असल्यामुळे भाकरीलाही एक हिरवट चव. मला वाटायचं, भाकरीची चव अशीच असते. मैत्रिणीकडे पहिल्यांदा जेवले तेव्हा तिची भाकरी मला अळणी लागली. नाना खाली बघून जेवायचे. त्यांचे कान चाळिशीच्या आतच गेले होते. ऐकू आलं नाही की ते हसायचे, आणि त्या हसण्याला गिऱ्हाइकं होकार समजून बंब नाहीतर घंगाळ निम्म्या भावात उचलून न्यायची. पाचवीत असताना मी एकदा हे पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून उंबरठ्यावर बसायला लागले.

सदाशिव पेठेतून बायका यायच्या. घंगाळ उलटंपालटं करून म्हणायच्या, "अगं, हे भांडं आहे की चाळणी? केवढे खड्डे!"

"मठारलेलं आहे. खड्डे नको असतील तर ॲल्युमिनियमचं घ्या. स्वस्तही पडेल आणि शोभेलही."

"अहो, तुमची मुलगी फारच बोलते हो."

नाना हसायचे. मी बोलायचे खरी, पण भाव सांगून झाला की गप्प. भाव करताना जो आधी तोंड उघडतो तो खाली येतो, हे मला कुणी शिकवलं नाही, उंबरठ्यावर बसून कळलं. आज हडपसरला माझा कारखाना आहे. स्टीलची ताटं निघतात, एका दणक्यात एक. लोक म्हणतात बाई कडक आहे, फटकळ आहे, चहाच्या कपावरही घासाघीस करते. म्हणू देत. त्या गप्प बसण्याने मला कारखाना दिला. त्याच गप्प बसण्याने काय घेतलं ते लिहायला मी आज बसले आहे.

त्यासाठी आधी आईची मान सांगायला हवी. ती जरा खाली, खांद्यांत रुतलेली असायची आणि डावा खांदा उजव्यापेक्षा वर. पहिला टोला पडायच्या आधीच तिचे खांदे चढायचे, श्वास गळ्याशी अडायचा, ओठ आत जायचे. तीन टोले ती असे काढायची आणि चौथ्यावर सगळं सैल व्हायचं. मग पुन्हा. लग्न होऊन आली तेव्हापासून हे चाललेलं, त्यामुळे तिला त्याचा पत्ताही नव्हता. पीठ मळताना, गवार मोडताना, माझी वेणी घालताना तिचे हात मोकळे असायचे, आणि मान मात्र पुढच्या खोलीला बांधलेली. सोमवारी काम बंद असायचं, तेव्हाही ती दोन-तीन शब्द बोलून थांबायची आणि खांदे आपोआप वर जायचे. ती दुःखी नव्हती. हे मी ठासून लिहिते, कारण या बाबतीत माझ्या शब्दापेक्षा दुसऱ्याच कुणाच्या तरी शब्दाला आजवर जास्त किंमत मिळाली आहे. नानांनी तिच्यावर हात सोडाच, आवाजही चढवला नाही. बहिऱ्या माणसाचा आवाज एरवी मोठा असतो. नानांचा तोही नव्हता.

कॉलेजात मी कॉमर्सला होते, सकाळच्या वर्गांना. नाटकाच्या ग्रुपमध्ये गेले ती तालमीच्या वेळी मिळणाऱ्या बटाटेवड्यासाठी, हे कबूल करायला मला लाज नाही. नाटक बसवायला लिमये सर यायचे. ते बँकेत नोकरीला होते. पाच वाजता सुटून खादीचा झब्बा घालून एका शाळेच्या हॉलमध्ये यायचे, बाकं भिंतीला लावायला सांगायचे आणि आम्हाला उभं करायचे. संहिता हातात द्यायचे नाहीत. "आधी अंग, तोंड शेवटी," हे त्यांचं म्हणणं. "प्रत्येक माणूस कुठेतरी आवळलेला असतो. कुणी जबड्यात, कुणी पोटात, कुणी पायाच्या अंगठ्यात. ती जागा सापडली की माणूस सापडला." मग ते फक्त पोटऱ्या आवळायला लावायचे आणि म्हणायला लावायचे, "चहा घेणार का?" नंतर पोटऱ्या सैल सोडून जबडा आवळायचा आणि पुन्हा तेच, "चहा घेणार का?" पोटऱ्यांतून आलेल्या प्रश्नातला माणूस पळायच्या बेतात वाटायचा, जबड्यातून आलेल्या प्रश्नात चहात काहीतरी कालवल्यासारखं वाटायचं. आम्ही हसायचो. सर हसू द्यायचे. "हसा, पण पकड सोडू नका. तंबोऱ्याची खुंटी पिळता तसं. थोडं कमी करून बघा, थोडं वाढवून बघा. तार तुटली तर नाटक माझं बंद पडेल आणि हाडवैद्याचा खर्च तुमच्या वडिलांवर पडेल."

हे शास्त्र खोटं होतं असं मी म्हणत नाही. ते इतकं खरं होतं की त्यानेच घात केला. एकदा त्यांनी एका मुलाला घण मारणारा माणूस करायला लावला. त्याने उजवा दंड असा फुगवला की शीर तटतटली. मला हसू आवरेना. "हातोडीचा हात सैल असतो," मी म्हणाले, "आवळलेला असतो डावा. आणि पायाची बोटं. उजवा असा धरला तर दुपारपर्यंत खांदा जाईल." सरांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "तुला कसं माहीत?" मी सांगितलं, आम्ही तांबट.

त्या वर्षी स्पर्धेसाठी सुहास नावाच्या आमच्याच एका मुलाने एकांकिका लिहिली होती. एक बाई स्वयंपाकघरात बसली आहे आणि नवरा पलीकडच्या खोलीतून आत येण्याची वाट पाहते आहे, एवढंच. काम सगळं त्या बाईचं. ते ग्रुपमधल्या मृणालला मिळणार हे ठरल्यासारखं होतं, कारण तिचा आवाज चांगला होता. माझा आवाज टोल्यांवर मात करत वाढलेला. "मंगल, तू प्रेक्षकांशी बोलतेस की पर्वतीशी?" असं सर विचारायचे आणि सगळे खिदळायचे. मला ते काम हवं होतं. इतकं काही मला त्याआधी हवं वाटलं नव्हतं. उंबरठ्यावर बसून लोकांना भांडी विकणारी मुलगी एवढीच माझी ओळख होती, आणि त्या हॉलमध्ये पहिल्यांदा मला वाटलं होतं की मी आणखी कुणीतरी होऊ शकते.

निवडीच्या दिवशी सर म्हणाले, "घरातलं एक माणूस घेऊन या. बोलायचं नाही." मृणालने तिची आजी केली, जपमाळ ओढणारी. छान केली. मग मी जमिनीवर बसले आणि गवार मोडायला घेतली. गवार नव्हतीच. पोट सैल ठेवलं, हात मोकळे सोडले, डावा खांदा वर नेला, मान खाली रुतवली. डोक्यात नानांची हातोडी सुरू केली. तीन टोल्यांना श्वास धरायचा, चौथ्याला सोडायचा. तीनदा धरला, तीनदा सोडला. मी उठले तेव्हा मृणालचे डोळे भरलेले होते.

"कोण ही?" सरांनी विचारलं.

"आई."

ते जवळ आले. आवाज अगदी खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाले, "वडील मारतात का गं?"

नाही म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. हातोडीचं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तेवढ्यात मी सरांचे डोळे पाहिले. गिऱ्हाइकाने घंगाळ उचलून छातीशी धरलं की त्याच्या डोळ्यांत जे येतं ते त्यांच्या डोळ्यांत होतं. अशा वेळी बोलायचं नसतं. मी मान खाली घातली. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बाई मी झाले.

पुढे तालमी लागल्या तेव्हा सरांना कल्पना सुचली की नवरा दाखवायचाच नाही. तो तांबट, आणि विंगेतून फक्त त्याची हातोडी. मी म्हणाले, "तांबट नको. सुतार करा."

"सुताराचा आवाज शेवटच्या रांगेत पोचत नाही."

"मग माझ्या अटी आहेत. आळीचं नाव नको. नवऱ्याला नाव नको. आणि तो मारतो असा एक शब्द कुणाच्या तोंडी नको."

सर हसले. "तू वकील हो. मान्य. तिन्ही मान्य."

मी खूश झाले. सौदा जिंकल्यासारखं वाटलं. तो मारतो असा शब्द खरंच नाटकात नव्हता. सगळं माझ्या मानेत होतं, आणि शेवटी हातोडी थांबून पावलं जवळ येतात तेव्हा दोन्ही हातांनी डोकं झाकायचं, त्यात होतं. शब्द काढून घेऊन मी काय मिळवलं? ज्याच्याशी सौदा केला तो शब्दांचा व्यापारीच नव्हता.

आणि मग ती चूक. ती सरांनी करायला सांगितली नव्हती, माझी मी केली. विंगेत हातोडी सुहास वाजवायचा, कशीही, टपोरा पाऊस पत्र्यावर पडावा तशी. माझे खांदे चढायचे आणि टोलाच पडायचा नाही. श्वास सोडायचे आणि दोन पडायचे. दोन दिवस मी सोसलं, तिसऱ्या दिवशी भडकले. "चटणी कुटतोयस का? आण ती इकडे!" हातोडी हिसकावून घेतली आणि वाजवून दाखवलं. "असं. तीन इथे, चौथा रिकामा, खालच्या लोखंडावर. मग थांब. पुन्हा." त्याचा हात बसेपर्यंत दोन संध्याकाळी मी त्याच्या डोक्यावर उभी होते. माझ्या अंगाला दुसरा कुठला हात कळतच नव्हता, आणि काम चोख झालं पाहिजे ही आमच्या घराची खोड. तांबटाच्या मुलीशिवाय असला शहाणपणा कुणी केला नसता, आणि आळीत त्याचा अर्थ काय होईल हे तांबटाच्या मुलीलाच आधी कळायला हवं होतं.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी नानांनी काम बंद ठेवलं, दाढी केली, पांढरी टोपी घातली. आळीतली दहा-बारा माणसं त्यांच्याबरोबर आली. आई आली नाही. "मला अंधारात बसवत नाही, तू घरी करून दाखव," म्हणाली. पडदा उघडला. मी गवार घेऊन बसले, खांदे चढवले, आणि विंगेतून पहिले तीन टोले पडले. मग एक रिकामा. डावीकडच्या रांगांमध्ये हालचाल झाली. कुणीतरी हळूच, पण मला स्पष्ट ऐकू येईल असं म्हणालं, "नानांचा हात."

तेव्हा मला कळलं. मान सोडायला मला क्षण पुरला असता. खांदे खाली घेतले असते तर ती बाई नुसती स्वयंपाक करणारी बाई झाली असती, नाटक पडलं असतं, आम्ही घरी गेलो असतो. पण सगळं सभागृह माझ्या मानेला बांधलेलं होतं. मी हलले की हलत होतं, मी श्वास धरला की धरत होतं. असं पुन्हा आयुष्यात कधी होणार नाही, हे मला तिथे बसल्याबसल्या ठाऊक होतं. मी मान सोडली नाही. उलट थोडी जास्त आवळली. शेवटी पावलं वाजली आणि मी डोकं झाकलं तेव्हा पुढच्या रांगेतली एक बाई "अगं आई" म्हणाली.

नाना आत भेटायला आले ते आनंदाने फुललेले. त्यांना संवाद काहीच ऐकू आले नव्हते. "माझाच हात घेतलास की गं! पहिल्या टोल्यालाच ओळखला. इथे वाजला, इथे," म्हणून छातीवर हात ठेवून दाखवला. मग म्हणाले, "आणि बाई तर हुबेहूब तुझी आई. फार दमलेली दाखवलीस. एवढी दमते का ती?" त्यांच्या मागे आळीतली माणसं उभी होती. सगळी आपापल्या चपलांकडे बघत होती.

अभिनयाचं पहिलं बक्षीस मला मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना स्वतः पेढे घेऊन दारोदार गेले. लोकांनी पेढे हातात घेतले आणि हातातच ठेवले. दत्तूकाकांनी तर घेतलाच नाही. ते चांगले माणूस होते, सरळ विचारणारे, आणि बहिऱ्या माणसाला विचारायचं तर ओरडावं लागतं. भर आळीत ते ओरडले, "नाना, वहिनींना मारता का हो?"

नाना हसले आणि पेढा पुढे केला.

दत्तूकाका पुन्हा ओरडले. एकेक हातोडी थांबत गेली. तिसऱ्या वेळी त्यांनी हात उगारून दाखवला आणि आमच्या घराकडे बोट केलं. मी उंबरठ्यावरून नानांच्या चेहऱ्यावरचं हसू बघत होते. ते एकदम गेलं नाही. ठेवायला जागा सापडत नसल्यासारखं थोडा वेळ तिथेच राहिलं.

आई पदर खोचून बाहेर आली. ती हसतच सुटली. "हे आणि मारतील? अहो दत्तूभावजी, ह्यांनी कधी झुरळ मारलेलं पाहिलंय का? तेसुद्धा मीच मारते!" ती घराघरात जाऊन सांगून आली. बायकांनी तिला पाणी दिलं, बसवून घेतलं, आणि ती परतल्यावर म्हणाल्या, बिचारी, दुसरं काय सांगणार.

नाना घरात आले. "तू सांगितलंस?" त्यांनी मला विचारलं.

"मी एक शब्द बोलले नाही."

त्यांनी मान हलवली. पेढ्यांचा डबा फळीवर ठेवला. त्या दिवशी पुढच्या खोलीत काही वाजलं नाही. दुसऱ्या दिवशी वाजलं तेव्हा मी आणि आई एकमेकींकडे बघत राहिलो. आमच्या घरात कुणी परका माणूस कामाला बसला असावा तसा आवाज येत होता. दोन टोले, मग चार, मग एक, कधी लगेच, कधी बऱ्याच वेळाने. रिकामा टोला नव्हताच. पन्नाशीच्या माणसाने स्वतःचा हात सोडून दिला होता आणि दुसरा त्याला सापडत नव्हता. भांड्यांवरचे ठसे वाकड्या ओळींत पडायला लागले. मी आठ दिवस वाट पाहिली, मग त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "नाना, तुमचा हात धरा! भांडी बिघडतायत!"

"तो हात त्या नाटकातल्याचा," नाना म्हणाले. "मला नको."

मी लिमये सरांकडे गेले. पुढच्या फेरीत हातोडी काढून टाका म्हणून सांगितलं, का ते सगळं सांगितलं, अगदी टोल्यांपासून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हातोडी काढली तर नाटकात उरतं काय? आणि मंगल, खरं सांगू? तू आता घाबरून सारवासारव करतेयस. स्वाभाविक आहे." म्हणजे मी गप्प होते तेव्हा त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि बोलले तेव्हा ठेवला नाही. मी तोंडाला येईल ते बोलले आणि निघून आले. महिन्याभरात मृणाल ते काम करत होती. सरांनी तिला माझी मान शिकवली. माझ्या आईची मान घेऊन ते नाटक गावोगाव फिरलं, आणि सरांचं नाव झालं.

मागच्या वर्षी त्यांचा सत्कार होता. निमंत्रण घेऊन दोन तरुण कारखान्यात आले होते; शिबिरात सर माझी गोष्ट अजून सांगतात म्हणाले, मार खाणाऱ्या आईची आणि तिचं दुःख अंगात मुरवणाऱ्या मुलीची. मी म्हणाले, येते, एका अटीवर. माझ्या वडिलांनी कधी हात उचलला नाही, हे सरांनी स्टेजवरून सांगायचं. चार दिवसांनी फोन आला. सर म्हणालेत, विचारलं तेव्हा तू नाही म्हणाली नव्हतीस. मी फोन ठेवला आणि मग त्या दिवशी कारखान्यात जो समोर आला त्याला झापलं. सरांना माफ करण्याइतकी मी मोठी झालेले नाही. त्यांनी विचारायला नको होतं. निदान चारचौघांत विचारायला नको होतं. हे मी रोज स्वतःला सांगते आणि रोज ते थोडं कमी पडतं.

नाटकाच्या त्या वर्षीचा एकच दिवस सांगायचा राहिला. आई कित्येक वर्षं नानांच्या टोल्याच्या आधी अंग आवळत आली होती. टोला कधी पडणार हे तिच्या मानेला ठाऊक होतं, म्हणून तो तिला कधी लागला नव्हता. आता काहीच ठरलेलं नव्हतं. खांदे चढवून बसली तर टोला यायचा नाही. सैल झाली की यायचा आणि ती अख्खी दचकायची. हातातली पळी पडायची. पाणी सांडायचं. चार महिन्यांत ती वाळली. रिकामा टोला गेल्यामुळे बोलायला जागा उरली नव्हती, म्हणून बोलणंही सोडलं.

एका दुपारी आळीबाहेरची एक बाई घंगाळ बघायला आली. तिला आळीतलं काही माहीत नव्हतं. ठसे वाकडेतिकडे होते, मी मनात उत्तरं जुळवून ठेवली होती. आई तिला पाण्याचा पेला देत होती, तेवढ्यात आत टोला पडला. आई दचकली, पाणी बाईच्या साडीवर उडालं. दुसरा पडला, आई पुन्हा दचकली आणि हात डोक्याशी गेला. बाईने आईकडे पाहिलं, मग आतल्या अंधारात नानांच्या पाठीकडे पाहिलं. मी भाव सांगितला, नेहमीसारखा चढवून, आणि गप्प बसले. ती एक शब्द न बोलता तेवढे पैसे देऊन उठली. जाताना आईच्या पाठीवरून तिने हळूच हात फिरवला.

"का गं," आई म्हणाली, "भाव न करताच गेली?"

"भांडं आवडलं तिला."

आईने ती बाई वळणावर दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं. "मग माझ्या पाठीवरून हात कशाला फिरवला तिने?"

आत टोला पडला आणि आई दचकली.